रेटिंग खाली गेलं म्हणून हिंजवडीला परत

मे २०२४ मध्ये वार्षिक मूल्यमापनाचा निकाल लागला आणि माझं रेटिंग खालून दुसरं आलं. आठवडाभरात एचआरचा मेल आला. खालच्या दोन रेटिंगमधल्या लोकांची घरून काम करण्याची परवानगी रद्द करण्यात येत आहे, त्यांनी जुलैपासून आपापल्या ‘बेस लोकेशन’ला, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणच्या ऑफिसला, आठवड्याचे पाचही दिवस हजर राहावं, आणि सोबत दोन महिन्यांचा पीआयपी, म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, कामगिरी सुधारून दाखवायची मुदत. माझं बेस लोकेशन पुणे, हिंजवडीचं ऑफिस. मी राहतो साताऱ्यात.

त्याच मेलमध्ये खाली आणखी एक वाक्य होतं, ते मला जास्त लागलं. ज्यांचं रेटिंग वरच्या तीन पायऱ्यांवर आहे त्यांची सध्याची व्यवस्था आहे तशी चालू राहील. म्हणजे चांगलं काम करणाऱ्याला घर, आणि कमी पडणाऱ्याला ऑफिस. ज्या ऑफिसचं ‘सहकार्याचं वातावरण’ म्हणून वर्षभर कौतुक चाललं होतं, तिथे जाणं ही कंपनीने स्वतःच्याच हाताने शिक्षा करून टाकली.

थोडं मागचं सांगतो. मार्च २०२० मध्ये सगळ्यांसारखा मीही लॅपटॉप आणि मॉनिटर घेऊन गावी आलो. आमचं ऑफिस एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात. तिथल्या कंपन्यांना घरून काम देण्यासाठी सरकारची परवानगी लागायची. जुलै २०२२ मध्ये त्यासाठी नियम ४३अ आला, आधी निम्म्या कर्मचाऱ्यांपुरता, मग त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो सगळ्यांना लागू होईल असा सैल केला गेला. तेवढ्यावर आमच्यासारख्या हजारो लोकांनी आयुष्याची घडी बसवली. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची शाळा कोरेगाव तालुक्यात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर आंतरजिल्हा बदलीच्या रांगेत किती वर्षं काढावी लागतात, हे ज्यांच्या घरी शिक्षक आहे त्यांना सांगायला नको. त्यामुळे आम्ही साताऱ्यात घर केलं, मुलीला इथल्याच शाळेत घातलं.

वारं फिरतंय हे दिसत होतंच. एप्रिल २०२४ मध्ये टीसीएसने बदलत्या पगाराचा हिस्सा हजेरीला जोडला. साठ टक्क्यांहून कमी हजेरी असेल तर तो हिस्सा शून्य, आणि पूर्ण हवा असेल तर पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर हजेरी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने जाहीर केलं की जानेवारी २०२५ पासून पाचही दिवस ऑफिस. पण हे नियम सगळ्यांना सारखे होते. ते आवडोत न आवडोत, त्यात कुणाच्या कपाळावर शिक्का नव्हता. आमच्याकडे शिक्का होता.

एचआरशी माझा कॉल झाला. बोलणारी मुलगी सभ्य होती, तिच्यावर माझा राग नाही. ती म्हणाली, “सर, ही शिक्षा समजू नका. हा सपोर्ट आहे. ऑफिसमध्ये आलात की टीमची मदत मिळेल.”

मी म्हटलं, “मॅडम, माझी मॅनेजर चेन्नईला बसते. टीममधले दोघे इंदूरला, एक कोचीला, क्लायंट अमेरिकेत. पुण्यात माझ्या टीमचं कोण आहे ते सांगाल का?”

ती थोडा वेळ काही शोधत होती. मग म्हणाली, “ऑफिसचं वातावरण तरी मिळेल ना, सर.”

मी विचारलं की माझं काम घरून करण्यामुळे कमी झालं हे कशावरून ठरलं. उत्तर आलं की तसं वेगळं पाहिलेलं नाही, धोरण सगळ्या खालच्या रेटिंगला एकसारखं आहे. पुढचं जे काही सांगतोय त्याचं मूळ या उत्तरात आहे. काम का कमी पडलं हे कुणी विचारलंच नव्हतं. कारण न शोधता उपाय ठरला होता.

कामगार कायद्याची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या वकिलांकडे कागद घेऊन गेलो. त्यांनी आधी नेमणूकपत्र वाचलं. त्यात कामाचं ठिकाण पुणे, आणि कंपनी गरजेप्रमाणे कुठेही बदली करू शकते, असं ठेवणीतलं कलम. घरून काम करण्याची परवानगी एका मेलवर, ‘पुढील सूचनेपर्यंत’. वकीलसाहेब म्हणाले, “ठिकाणावरून भांडायला तुमच्या हातात फार काही नाही. पदाचं नाव काहीही असलं तरी तुम्ही कायद्याने कामगार आहात की नाही, हे प्रत्यक्ष कामावरून ठरतं, ते मांडता येईल. पण त्यात वर्षं जातील. रेटिंग कशावरून दिलं ते मात्र लेखी मागा. तिथे त्यांना उत्तर द्यावं लागेल.” हा सल्ला मला पुढे फार उपयोगी पडला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वाकडला कॉट बेसिसवर जागा घेतली. एका खोलीत तीन कॉट, महिना आठ हजार, मेसचा डबा वेगळा. माझ्या वयाचं तिथे कुणी नव्हतं, बाकी दोघे नुकतेच नोकरीला लागलेले, मला ‘काका’ म्हणणारे. शुक्रवारी रात्री शिफ्ट संपवून साताऱ्याला जायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं. शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. भूमकर चौक ते फेज दोन हे अंतर त्या पावसात किती वेळ खातं हे हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला विचारा. मेट्रोच्या खांबांचं काम, खड्डे, आणि सगळ्या कंपन्यांची गर्दी एकाच रस्त्यावर. मुलगी दुसरीत होती. रोज रात्री नवाच्या ब्रेकमध्ये तिला व्हिडिओ कॉल करायचो, तोवर ती बहुतेक वेळा झोपलेली असायची.

ऑफिसमध्ये जागा ठरलेली नव्हती. ॲपवरून आदल्या दिवशी खुर्ची बुक करायची. माझ्या आजूबाजूला वेगवेगळ्या प्रोजेक्टची माणसं, सगळ्यांच्या कानाला हेडफोन, सगळे आपापल्या व्हिडिओ कॉलवर. मीही तेच करत होतो. साताऱ्याच्या खोलीतून ज्या माणसांशी ज्या स्क्रीनवर बोलायचो, त्यांच्याशीच हिंजवडीतून बोलत होतो. बदल एवढाच की आता कार्ड स्वाइप होत होतं, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ नोंदली जात होती, आणि सरासरी नऊ तास भरले नाहीत तर आपोआप मेल यायचा.

२५ जुलैला पुण्यात प्रचंड पाऊस झाला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, लोकांना बोटीतून काढावं लागलं. सकाळी कंपनीचा मेल आला, सुरक्षिततेसाठी आज सगळ्यांनी घरूनच काम करावं. सगळ्यांनी, म्हणजे आम्हीही. घरून ज्यांचं काम होत नाही असं कंपनीने लेखी दिलं होतं, त्यांच्यावरही त्या दिवशी पूर्ण शिफ्ट सोपवली होती. मी वाकडच्या कॉटवर मांडी घालून लॅपटॉपवर काम केलं आणि ते नेहमीसारखंच झालं. त्या दिवशी मला खूप संताप आला. कंपनीला गरज असते तेव्हा माणसाने घरून केलेलं काम चालतं, आणि धडा शिकवायचा असतो तेव्हा चालत नाही.

आता कामाविषयी, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आमचा क्लायंट अमेरिकेतली आरोग्य विमा कंपनी. इस्पितळांकडून बिलांच्या फायली येतात, ८३७ नावाच्या ठरीव साच्यात. रात्री त्या फायली आमच्या प्रणालीत चढतात. काही अडलं की टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, तयार होतं आणि ते आमच्याकडे, दुसऱ्या पातळीच्या सपोर्टकडे येतं. टिकेट दोन जातींचं. एक, कुणाचं लॉगिन अडकलं, कुणाला एखाद्या स्क्रीनचा हक्क हवा. पाच-दहा मिनिटांचं काम. दुसरं, रात्रीचा बॅच जॉब, म्हणजे फायली आपोआप चढवणारं काम, कोसळला, कारण माहीत नाही. त्याला कधी तास लागतात, कधी दिवस. मी टीममधला जुना, म्हणून ही दुसऱ्या जातीची टिकेटं माझ्या नावावर पडायची. ती कुणाला नकोच असायची.

एक उदाहरण देतो. एका इस्पितळाची फाइल वारंवार नाकारली जात होती. रोज नाही, मधूनच. या साच्यात प्रत्येक भाग संपल्याची खूण म्हणून ~ हे चिन्ह असतं. फाइल उघडली तर हजारो भाग एकाला एक चिकटलेले, एका ओळीत. मी भाग मोजणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. फाइलच्या शेवटी लिहिलेली भागांची संख्या आणि प्रत्यक्षातली संख्या यांत एकाचा फरक. शोधत गेलो तर एका रुग्णाच्या पत्त्यात इस्पितळातल्या कुणीतरी तेच ~ चिन्ह टाइप केलेलं. प्रणालीला वाटायचं भाग तिथेच संपला, आणि पुढची अख्खी फाइल, शेकडो रुग्णांची बिलं, अडकून राहायची. तो रुग्ण उपचाराला आला की फाइल पडायची, नाही आला की जायची, म्हणून ‘मधूनच’. हे सापडायला, क्लायंटला पटवायला आणि फाइल आत घेण्याआधीची तपासणी बसवायला बरेच दिवस गेले. त्यानंतर तो दोष परत आला नाही.

अहवालात त्याची नोंद काय? टिकेट बंद, संख्या एक. त्याच दिवसांत इंदूरच्या सहकाऱ्याने लॉगिनची टिकेटं ढिगाने बंद केली. तो मेहनती मुलगा आहे, त्याचा काहीच दोष नाही. पण वर्षाच्या शेवटी यादी लागली ती बंद केलेल्या टिकेटांच्या संख्येवर, आणि त्या यादीत मी खाली होतो.

पीआयपीचा आढावा दर शुक्रवारी. मॅनेजर नवी होती, हे रेटिंग आधीच्या मॅनेजरने दिलेलं. पहिल्या आढाव्यात तिने लक्ष्य सांगितलं, महिन्याला इतकी टिकेटं. मी वकीलसाहेबांचं बोलणं लक्षात ठेवून मेल केला की रेटिंग कोणत्या आकड्यांवरून ठरलं ते आणि त्या आकड्यांचा मूळ अहवाल द्यावा. तो आला. मग मी टिकेटं जिथे नोंदली जातात त्या सर्व्हिसनाऊ प्रणालीतून वर्षाची सगळी टिकेटं एक्सेलमध्ये काढली, टीममधल्या सगळ्यांची, नावं झाकून. चार स्तंभ जोडले. प्रकार कोणता, किती वेळ लागला, बंद झाल्यावर पुन्हा उघडलं का, आणि तोच दोष पुढे परत आला का. बॅच जॉबची बहुतेक टिकेटं एकाच माणसाकडे गेलेली आणि त्यातली पुन्हा उघडलेली जवळजवळ नाहीत, हे तिथे कुणालाही दिसत होतं.

मॅनेजरने ती शीट कॉलवर माझ्यासमोर उघडली, बराच वेळ पाहिली. “हे आधी कुणी का दाखवलं नाही?” असं ती म्हणाली, मला नाही, स्वतःशीच. तिने ती वर नेली आणि पीआयपीच्या उरलेल्या काळासाठी मोजमाप बदलून घेतलं. टिकेटांची संख्या राहिली, पण अवघड टिकेटांना वेगळं वजन मिळालं. चेन्नईत बसलेल्या बाईंनी, ज्यांना मी प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही, माझ्यासाठी जे केलं ते हिंजवडीच्या कोणत्याही खुर्चीने केलं नाही.

त्याच यादीतून परत बोलावलेली आणखी एक मुलगी होती. वर्ध्याची. २०२१ मध्ये कॉलेज संपताच घरी बसून रुजू झालेली, प्रशिक्षणही ऑनलाइन. दुसऱ्या प्रोजेक्टची, पण योगायोगाने तिची खुर्ची माझ्या शेजारी यायला लागली, मग आम्ही मुद्दाम शेजारची बुक करू लागलो. तिचं रेटिंग माझ्याहूनही खाली होतं. तिची अडचण माझ्या अगदी उलट. तिला काम येत नव्हतं, कारण कुणी शिकवलंच नव्हतं. ग्रुपवर प्रश्न टाकला की तीन तास कुणाचं उत्तर नाही, मग विचारायचीच लाज वाटायची, टिकेट पडून राहायचं.

एकदा ती लॉगची, म्हणजे प्रणालीने आपोआप केलेल्या नोंदींची, फाइल उघडून नुसती बसली होती. मी विचारलं काय झालं. “दादा, इतक्या एरर आहेत, कुठली बघू?” ती शेवटच्या एररपासून एकेक शोधत होती, कारण स्क्रीनवर तीच समोर दिसते. मी म्हटलं, वर जा, पहिली एरर कुठे आली ते शोध, खालच्या सगळ्या तिच्यामुळे आल्यात. तिने वर जाऊन पाहिलं. डेटाबेसचा पासवर्ड बदललेला होता. बाकीच्या शंभर एरर त्याच्या. तिचा चेहरा असा उजळला की मला माझं नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. तीन वर्षं जी गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती ती सांगायला मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यानंतर ती दिवसातून दहादा विचारायची आणि मी सांगायचो. महिन्याभरात तिचं काम ओळखू येणार नाही इतकं सुधारलं.

म्हणून ऑफिसला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. नवख्या माणसाला शेजारी कुणीतरी जाणतं हवंच. पण तिला ते मिळालं ते माझ्या रूपाने, आणि माझं तिथे असणं हा निव्वळ अपघात होता. कंपनीने तिला खुर्ची दिली होती, शिकवणारा दिला नव्हता. मी त्या रांगेत नसतो तर तीही हेडफोन लावून तीन तास उत्तराची वाट पाहत बसली असती, फक्त वर्ध्याऐवजी हिंजवडीत, आणि दोन महिन्यांनी तिला नारळ मिळाला असता.

वाकडच्या खोलीत झोप यायची नाही तेव्हा मी या विषयावर जे मिळेल ते वाचत होतो. त्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांचं चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१० च्या शेवटी सुरू झालेलं संशोधन सापडलं. कॉल सेंटरच्या इच्छुक कर्मचाऱ्यांमधून सोडतीने काहींना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरी बसवलं, बाकीचे ऑफिसात. घरून काम करणाऱ्यांचं काम तेरा टक्क्यांनी वाढलं. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. प्रयोग संपल्यावर कंपनीने प्रत्येकाला निवड दिली. घरी बसलेल्यांपैकी निम्मे लोक आपणहून ऑफिसात परतले, ज्यांना घरी जमत नव्हतं ते जास्त करून. आणि ज्याचं जिथे जमतं तो तिथे बसल्यावर घरून काम करण्याचा फायदा तेरावरून बावीस टक्क्यांवर गेला. म्हणजे कमी पडणारा माणूस ऑफिसात जाणं यात चुकीचं काही नाही. तिथे त्याला विचारलं होतं, आणि त्याने निवडलं होतं. ब्लूम यांचंच पुढचं काम जून २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आलं, त्याच कंपनीच्या सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवरचं. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर कामगिरीत फरक पडला नाही, नोकरी सोडण्याचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं.

सप्टेंबरमध्ये पीआयपी संपला. मी आणि वर्ध्याची मुलगी, दोघंही पास. पोर्टलवर माझा अंतिम अहवाल आला, त्यात एचआरचं ठरलेलं वाक्य होतं की कार्यालयातील नियमित उपस्थितीमुळे कामगिरीत लक्षणीय सुधारणा झाली. खाली ‘मान्य’ हे बटण.

मी ते दाबलं नाही. पास झालो असताना कशाला वाद घालतोस, असं सगळ्यांनी सांगितलं. बायको मात्र म्हणाली, “खोटं असेल तर सही करू नकोस. उद्या हाच कागद दुसऱ्या कुणाला दाखवतील.” तिचं बरोबर होतं. अशी पन्नास-शंभर वाक्यं जमली की पुढच्या वर्षीच्या सादरीकरणात तो पुरावा होतो. बघा, परत आणलेल्यांपैकी इतके सुधारले, म्हणजे धोरण योग्य. मोजमाप बदललं म्हणून माझा आकडा सुधारला आणि शेजारी शिकवणारा मिळाला म्हणून तिचा, हे त्यात कुठेच उरणार नाही. मी शेऱ्याच्या रकान्यात तेच लिहिलं, चार ओळीत, एक्सेल जोडून. मॅनेजरने पाठिंबा दिला. दोन आठवड्यांनी अहवालातलं वाक्य बदलून ‘सुधारित मूल्यमापन निकषांनुसार कामगिरी समाधानकारक’ असं झालं. मग मी मान्य केलं.

घरून काम करण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. धोरणाप्रमाणे खालचं रेटिंग मिळालेल्याला पुढचं मूल्यमापन होईपर्यंत ऑफिसातच बसावं लागतं. ती २०२५ च्या जूनमध्ये मिळाली, आठवड्याचे तीन दिवस. वर्ध्याच्या मुलीलाही तेव्हाच मिळाली. ती तरीही पुण्यातच राहिली, आता तिच्या शेजारी दोन नवे फ्रेशर्स बसतात.

अशी पत्रं आलेले लोक अधूनमधून कुणाकडून तरी नंबर घेऊन मला फोन करतात. मी सांगतो, जागेवरून भांडण्यात पहिला महिना घालवू नका. रेटिंगचे आकडे आणि त्यांचा मूळ अहवाल मागा. ऑफिसात तुम्हाला मदत कोण करणार त्याचं नाव मागा, आणि तो माणूस त्याच मजल्यावर बसतो का ते विचारा. पीआयपीत पास झालात तर परवानगी कधी परत मिळेल ते सुरुवातीलाच लिहून घ्या. आणि हे सगळं मेलवर मागा, चॅटवर नको. आमच्याकडे चॅट ठरावीक काळाने आपोआप पुसलं जातं.